बरणीतले कोळी आणि बाळारामकाका

बाळारामकाका कोळी पकडायचे ते चहाच्या काचेच्या ग्लासानं आणि एका जुन्या पुठ्ठ्यानं. भिंतीवर कोळी दिसला की हातातलं काम ठेवायचं, ग्लास त्याच्यावर अलगद उपडा घालायचा आणि भिंतीला घासत पुठ्ठा खालून सरकवायचा. सरकवताना ते कोळ्याला "पाय वर, पाय वर" असं सांगत. लादी पुसताना बायका घरातल्यांना सांगतात ना, त्याच सुरात. मग ग्लास उजेडाकडे धरून आधी पोट बघायचे. पोटाखाली अंड्यांची पांढरी गोळी असेल तर तसाच परत भिंतीवर. "लेकुरवाळीला उचलायचं न्हाय," एवढंच बोलायचे.

अंजूरच्या एका गोडाऊनमध्ये मी चार वर्षं डिस्पॅचला होते, दोन हजार तीन ते सात. भिवंडीतून शेअर रिक्षानं जायचं, गाड्या लावायच्या, चलानं करायची, माल मोजून पाठवायचा. काका दिवसपाळीला गेटवर होते. साठीच्या जवळ आलेले, उंच, हाडकुळे, चष्म्याला मागून काळा दोरा. एजन्सीनं दिलेली टोपी त्यांनी कधी डोक्यावर घातली नाही, ती खिळ्याला टांगलेली असायची. विडी नाही, तंबाखू नाही. शर्टाच्या खिशात मात्र कायम कापूस. मला पहिल्यांदा वाटलं, कान दुखत असेल.

त्या कापसाचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. गाड्यांच्या नोंदीचं रजिस्टर शोधायला मी त्यांच्या पत्र्याच्या केबिनमध्ये गेले आणि मागच्या फळीवर लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरण्या दिसल्या, दहा-बारा. दुपारच्या डब्याला चालेल म्हणून एक उचलली. आत ओल्या कापसाचा बोळा, एक वाळकी काडी आणि काडीवर हाताच्या पंजाएवढा चपटा कोळी. मी ओरडले नाही, असं मी सगळ्यांना सांगते. हमालीला असलेला शकील वेगळं सांगतो. काकांनी धावत येऊन आधी बरणी धरली, मग माझी चौकशी केली.

हे गोडाऊन काकांच्याच शेतावर उभं होतं. खाडीच्या अंगाला त्यांची भातजमीन होती. भाऊबंदांनी दिली, मुलांनी हट्ट धरला, त्यांनीही दिली. मुलांनी मोठं घर बांधलं, गाडी घेतली. काकांना घरात बसवेना. एक दिवस ते सरळ गोडाऊनवर आले आणि गेटवर माणूस पाहिजे का म्हणून विचारलं. मुलांना लाज वाटली. काका म्हणाले, रोज सकाळी याच वाटेनं येतोय तीस वर्षं, आता दुसरी वाट कुठं शोधू.

कोळी पाळायची सवय शेतातलीच. लहानपणी खळ्यावर राखणीला बसायचे तेव्हापासूनची. पण नव्या घरात पांढऱ्या लाद्या आल्या आणि सूनबाईंनी स्पष्ट सांगितलं की एक तर मी राहीन, नाही तर बरण्या. म्हणून बरण्या केबिनमध्ये. तिथंच त्यांचा खरा संसार.

मला पहिला कोळी त्यांनीच दिला. उड्या मारणारा, नखाएवढा, करडा. नवख्यानं याच्यापासून सुरुवात करावी, म्हणाले, कारण हा आपल्याकडे बघतो. खरंच बघायचा. बरणी फिरवली की तोही वळायचा. मी पहिल्याच दिवशी त्याला तीन रातकिडे घातले. काकांनी दोन काढून घेतले आणि मला शेजारी बसवून सगळं सांगितलं. मी वहीत उतरवलं, ते पान अजून आहे. नवा आणलेला कोळी तीन-चार दिवस उपाशी आणि अंधारात ठेवायचा, त्याला घर बदलल्याचं पचू द्यायचं. खाणं त्याच्या पोटापेक्षा मोठं नको. एका दिवसात खाल्लं नाही तर काढून टाकायचं, नाहीतर रातकिडाच कोळ्याला चावतो. पाणी म्हणजे ओला कापूस. एका बरणीत एकच, मग ते नवराबायको का असेनात. झाकणाला भोकं पाडायची ती आतून बाहेर, म्हणजे धार आत राहत नाही. मेलेल्याचे पाय पोटाखाली आखडतात, तोवर मेला म्हणायचं नाही. आणि महिनाभरानं जिथून आणला तिथं नेऊन सोडायचा.

ही शेवटची अट ते फार कडक पाळत. एकदा काकूंना घेऊन अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर गेले होते. काकूंचे गुडघे दुखायचे म्हणून. येताना रिकाम्या डब्यात तिथल्या झाडावरचा एक हिरवा कोळी घेऊन आले. महिना झाल्यावर सुट्टी टाकून एसटीनं पुन्हा अकलोलीला. त्याच झाडावर सोडून संध्याकाळी परत. त्यानंतर काकू एकदा गोडाऊनवर डबा घेऊन आल्या तेव्हा माझ्या पुढ्यातच बोलल्या, "मना माहेराला पोचवाला कवा आलं न्हायत एवढ्या कौतिकानं." काका डबा उघडण्यात गर्क असल्यासारखं करत राहिले.

एकच कोळी ते कधी सोडत नसत. ती थोरली.

थोरली बरणीत मावणारी नव्हती. माशांच्या जुन्या काचपेटीत असायची. अर्धी पेटी मातीनं भरलेली, कोपऱ्यात फुटक्या मडक्याचं अर्धुक आणि त्याच्या आत ती. तपकिरी, केसाळ, पाय पसरले तर बशी भरेल एवढी. दिवसभर दिसायची नाही. कधी पाय तेवढे उंबऱ्यावर ठेवल्यासारखे बाहेर. शकील तिला घाबरायचा आणि रोज बघायला यायचा. विचारायचा, "चाचा, ये काटती नहीं क्या?" काका म्हणायचे, "तू जास्ती बोलेगा तो काटेगी."

ती कशी आली ते मला शकीलनंच सांगितलं, काका स्वतःबद्दल बोलणाऱ्यातले नव्हते. जमिनीच्या कागदांवर त्यांनी सही केली तेव्हा एक शब्द काढला नव्हता. मोजणी झाली, खांब ठोकले, तेव्हाही नाही. पण मातीचा भराव टाकायला डंपर आले त्या दिवशी पहिल्या डंपरसमोर जाऊन उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता गोंधळ घालणार. मुलं धावत आली. काका म्हणाले, अर्धा तास द्या. मग खुरपं घेऊन शेताच्या वरच्या बांधाला बसले. तिथं एक बीळ होतं, तोंडाशी जाळ्याचा पांढरा पडदा. वर्षानुवर्षं नांगराच्या वेळी ते त्या बिळाला वळसा घालून जात. त्यांनी चारी बाजूंनी माती उकरून थोरली सबंध ढेकळासकट काढली, टोपलीत ठेवली, वर ओलं फडकं घातलं. शिवाय पाटीभर बांधाची माती घेतली. डंपरवाले शिव्या देत होते, मुलांनी माना खाली घातल्या होत्या. काकांनी टोपली उचलली आणि डंपरला हात केला, या म्हणून.

पेटीतली माती ती. पंचेचाळीस गुंठ्यांतली तेवढीच उरली होती. मी एकदा माती बदलून स्वच्छ करायची का विचारलं, माझा स्वभावच तसा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

थोरली वर्षातून एकदा कात टाकायची. त्या सुमारास ती खाणं सोडायची, त्याला काका 'उपासाला बसली' म्हणत. मग काका पेटीवर गोणपाट टाकायचे. तीन-चार आठवडे कुणी बघायचं नाही. शकीलनं एकदा कोपरा उचलला तर त्याच्या हातावर फूटपट्टी बसली. बाईमाणूस न्हाणीत असताना डोकावतं का कोणी, असं त्यांचं म्हणणं. गोणपाट निघालं की थोरली नवीकोरी, आणि तिची जुनी कात काका बिस्किटाच्या डब्यात कापसावर ठेवायचे. मला दाखवलीही होती त्यांनी. आठ पाय, केस, सगळं जिथल्या तिथं, आत पोकळ. ती टाकते कशी हे मी कधी विचारलं नाही. सापासारखी टाकत असेल, असं मी धरून चालले.

दोन हजार सहाच्या थंडीत काकांच्या पायाला जखम झाली. साखर होती, जखम भरेना. तीन दिवसांसाठी म्हणून ठाण्याला दवाखान्यात नेलं. जाताना केबिनपाशी रिक्षा थांबवली आणि मला बोलावलं. बाकीच्या बरण्या त्यांनी आदल्या दिवशीच मोकळ्या केल्या होत्या. पेटीवर गोणपाट होतं.

"बाय, ती उपासाला बसली हाय. खायला घालू नको. कोपऱ्यातनं पानी तेवढं बघ. दुसरं कायेक करू नको."

मी लिहून घेतलं. तारीख घातली. तीन दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. दोन बोटं काढावी लागली. मी रोज सकाळी गोणपाटाच्या कोपऱ्यातून बाटलीनं पेटीतल्या छोट्या झाकणात पाणी सोडायचे आणि वहीत खूण करायचे. एक दिवस चुकवला नाही.

सोळाव्या दिवशी मालक येणार असा निरोप आला. मी सगळं आवरायला घेतलं. ऑफिस, रॅक, शेवटी गेटची केबिन. गोणपाटाला वास मारत होता. मालकांनी ते बघितलं तर पेटीसकट बाहेर फेकायला लावतील, म्हणून धुऊन वाळवावं असं मनात आलं. मी ते उचललं.

थोरली मडक्याबाहेर होती. पाठीवर पडलेली, आठही पाय वर. पाठीखाली पांढऱ्या जाळ्याची चटई. मी काचेवर टिचकी मारली. हलली नाही. पेन्सिलीनं एका पायाला लावून बघितलं. हलली नाही. मी दोन गाड्या रवाना केल्या, पुन्हा येऊन बघितलं, तशीच. पाय आखडलेले नव्हते. हे माझ्या वहीत होतं, माझ्याच अक्षरात. पण उलटं पडलेलं इतकं मोठं जनावर समोर असताना मला वही उघडावीशी वाटली नाही. मला दिसत होतं ना.

मी रडले. मग जे करायचं ते व्यवस्थित केलं. मिठाईचा रिकामा खोका आणला, आत माझा रुमाल पसरला, पुठ्ठ्यावर तिला अलगद घेऊन आत ठेवलं. कंपाउंडच्या भिंतीपाशी जिथं काँक्रीट नव्हतं तिथं शकीलकडून खड्डा खणून घेतला, खोका ठेवला, माती लोटली, वर विटेचा तुकडा. मालक दुपारी आले आणि केबिन छान ठेवली आहे म्हणाले.

काका महिन्यानं आले, कुबडी घेऊन. मी त्यांना गेटच्या बाहेरच गाठलं आणि सांगितलं. आत जाऊन रिकामी पेटी बघावी लागू नये म्हणून. ते ऐकत राहिले. मग विचारलं, पाय कसे होते. वर होते, मी म्हटलं. खाली जाळं होतं का. हो, पांढरं, अंथरुणासारखं. किती वाजता बघितलंस आणि किती वाजता पुरलीस. मी वेळा सांगितल्या, मला पाठ होत्या. त्यांनी मान हलवली.

जागा दाखव म्हणाले. मी दाखवली. मला मागे राहायला सांगून ते एकटे पुढे गेले. कुबडी भिंतीला लावली, एक पाय लांब करून कसेबसे खाली बसले आणि हातानं माती काढली. पाठ माझ्याकडे होती. खोका उघडल्याचं कळलं. बराच वेळ ते मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, निरोप घेताहेत. मग खोका बंद करून त्यांनी माती परत लोटली, तळव्यानं दाबली. उठवायला मी पुढे झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहताना म्हणाले, "वय झालं व्हतं तिचं. तू समदं नीट केलंस."

मी त्यावर विश्वास ठेवला. घरी जाऊन सांगितलंसुद्धा, की काका म्हणाले, तू नीट केलंस.

त्यानंतर बरण्या फळीवर परत आल्या, पण पाच-सहाच. काचपेटी त्यांनी मातीसकट कोपऱ्यात तशीच ठेवली. एप्रिलमध्ये शकील गावाकडून आला तेव्हा त्याच्या सामानात एक मोठा कोळी निघाला. थोरलीच्या जातीचा, तिच्याहून लहान. त्याला तो पाळायचा होता, आणि काका त्याला शिकवत होते. मी रॅकच्या मागे माल मोजत होते. ते दोघं शटरच्या सावलीत बसलेले, मी त्यांना दिसत नव्हते. नेहमीचंच चाललं होतं, तीन दिवस खायला नको, पाणी कसं, झाकण कसं. मी हसत होते, कारण मला सगळं पाठ होतं. मग काका म्हणाले,

"और एक बात. कभी उलटी पडी दिखेगी, सब पैर उपर. हाथ नहीं लगाने का. मरी नहीं है. खाल उतारती है."

शकील म्हणाला, "उलटी होके?"

"उलटी होके. आधा दिन लगता है, कभी पूरा. उस टाइम उसको हिलाया ना, तो गयी."

मग शकील हळू आवाजात म्हणाला, "चाचा, तो वो बडीवाली..."

"चूप," काका म्हणाले. "मॅडम को बोलना नहीं. कभी भी."

माझी मोजणी कुठं आली होती ते मी विसरले. तो खोक्यांचा आकडा मी आयुष्यात पहिल्यांदा अंदाजानं टाकला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीपाशी गेले आणि विटेचा तुकडा बाजूला करून खोका काढला. रुमालात दोन थोरल्या होत्या. एक पोकळ, पाठीवर फाटलेली, हलकी. आणि तिच्या शेजारी दुसरी, सुकलेली, पाय पोटाखाली आखडून घेतलेली. म्हणजे खोक्यात, मातीखाली, अंधारात तिनं कात पूर्ण टाकली होती. ती नवी झाली होती. मग खोक्याच्या एका कोपऱ्याशी गेली होती. तिथला पुठ्ठा कुरतडल्यासारखा झाला होता.

हे काकांनी डिसेंबरात बघितलं होतं. बघून, झाकून, माती दाबून, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाले होते, तू नीट केलंस.

मी वर बघितलं तर ते केबिनच्या दारात कुबडीवर उभे होते. किती वेळ, माहीत नाही. मी हातातला खोका लपवायचा प्रयत्नही केला नाही. ते सावकाश आले. मला बोलायचं होतं. काय काय बोलायचं ते मी माती उकरताना ठरवलं होतं, क्रमवार. पण तेच आधी बोलले.

"गोनपाट मी टाकला," ते म्हणाले. "कशाला टाकला ते तुना सांगितला न्हाय. चूक माझी हाय, बाय." मग कुबडी काखेत नीट धरत, "मना वाटला, तीन दिसांत येतो."

मी म्हटलं, काका, तुमच्या शेतातली ती एकच होती.

"हां," ते म्हणाले. एवढंच. हे मात्र त्यांनी खोटं सांगितलं नाही.

त्यांनी माझ्या हातातून खोका घेतला. पोकळ कात उचलून खिशातल्या कापसात गुंडाळली. दुसरी रुमालासकट परत ठेवली आणि आम्ही दोघांनी मिळून माती लोटली. चार हात लागत नव्हते एवढ्याशा खड्ड्याला.

त्यानंतर आमच्यात काही बदललं, असं कुणी म्हटलं नसतं. ते मला बाय म्हणत राहिले, मी त्यांचा चहा आधी पाठवत राहिले. फक्त मी बरणी ठेवायची बंद केली. त्यांनी दोनदा नवा कोळी दाखवला, करडा, उड्या मारणारा, घेतेस का म्हणून. मी काम फार आहे म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

पावसाळ्यानंतर त्यांचा पाय पुन्हा बिघडला आणि मुलांनी नोकरी सोडायला लावली. मीही त्याच वर्षाच्या शेवटी राहनाळच्या मोठ्या गोडाऊनमध्ये गेले. त्यांच्या घरी जायचं मी तीनदा ठरवलं, वार घालून ठरवलं. पांढऱ्या लाद्यांच्या त्या घरात बसून त्यांच्या पायाची चौकशी करायची आणि काकूंनी दिलेला चहा प्यायचा, हे मला जमलं नाही.

शेवटचे ते दिसले अंजूरच्या रिक्षा स्टँडवर. मी जुन्या कंपनीत एक कागद आणायला गेले होते. उन्हाची वेळ होती. मुलाची गाडी बाजूला उभी होती आणि काका मागच्या सीटवर, काच खाली केलेली. पाय आता गुडघ्यापासून नव्हता. खूप बारीक झाले होते. मी रिक्षात बसलेली त्यांना आधी दिसले. त्यांनी बोटानं बोलावलं, मी उतरून खिडकीपाशी गेले. मुलगा दुकानात काहीतरी घ्यायला गेला होता.

पायाबद्दल मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "सध्या कंचा हाय तुझ्याकडं?"

मी म्हटलं, एकही नाही, काका.

ते माझ्याकडे बघत राहिले. चष्म्याचा दोरा एका बाजूनं सुटला होता, मी खिडकीतून हात घालून तो नीट कानामागे अडकवला. मुलगा पिशव्या घेऊन परत येताना दिसला.

"ठेव एखादा," काका म्हणाले. "तुना जमतं."

गाडी निघाली. काच वर गेली नव्हती, त्यांचा हात खिडकीवर तसाच होता. मी हो म्हटलं होतं, मोठ्यानं, त्यांना ऐकू जावं म्हणून. पुढच्या महिन्यात ते गेले. मी अजून ठेवलेला नाही.